करार संपल्यानंतरची बंदी छापूच देऊ नका

फ्रँचायझीचा करार चाळताना शेवटच्या काही पानांत एक कलम हमखास भेटतं. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो. मुदत संपल्याने किंवा दुसऱ्या कोणत्याही कारणाने करार संपुष्टात आला, तर पुढची एक-दोन वर्षं फ्रँचायझी घेणाऱ्याने, त्याच्या जोडीदाराने, भावंडांनी किंवा भागीदारांनी अमुक किलोमीटरच्या आत तशाच प्रकारचा धंदा करायचा नाही. चहाची शाखा असेल तर चहा नाही, वडापावची असेल तर वडापाव नाही, बालवाडी असेल तर बालवाडी नाही. सही करणाऱ्याने विचारलंच, तर कंपनीचा माणूस सांगतो की हे सगळ्यांच्याच करारात असतं, यात बदल होत नाही. विषय तिथेच मिटतो, कारण बहुतेकदा तोवर डिपॉझिटचे पैसे देऊन झालेले असतात.

हे कलम भारतात रद्दबातल आहे. यात फारशी संदिग्धता नाही आणि ही काही नवी गोष्टही नाही. १ सप्टेंबर १८७२ रोजी अमलात आलेल्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ सांगतं की कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक असतो. असं असूनही दीडशे वर्षांनंतर ही बंदी नव्या कोऱ्या करारांत रोज छापली जाते. माझं म्हणणं असं की ती केवळ रद्दबातल असणं पुरेसं नाही. ती करारात घालणंच बेकायदा ठरवायला हवं, आणि घालणाऱ्या कंपनीला त्याची किंमत मोजायला लावायला हवी.

कायदा किती कडक आहे हे १८७४ सालच्या कलकत्ता उच्च न्यायालयातल्या एका खटल्यातून दिसतं. माधबचंद्र परामाणिक आणि राजकुमार दास हे कलकत्त्याच्या एकाच भागातले पितळी सामानाचे दोन दुकानदार. एकाने दुसऱ्याला सांगितलं, तू या भागातलं दुकान बंद कर, तुझ्या कारागिरांकडे अडकलेली उचल मी भरून देतो. दुसऱ्याने दुकान बंद केलं. पैसे काही मिळाले नाहीत. तो न्यायालयात गेला. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी निकाल दिला की बंदी एका भागापुरती असली तरी ती बंदीच, करार रद्दबातल, म्हणून पैसेही मागता येणार नाहीत. ज्याने शब्द पाळला तोच नागवला गेला, हे मला आजही खटकतं. पण तत्त्व पक्कं झालं : बंदी थोडी आहे की पूर्ण, वाजवी आहे की अवाजवी, असली मोजदाद आपला कायदा करत नाही. इंग्लंडमधली न्यायालयं तेव्हाही ती करत होती, आजही करतात. आपण वेगळा रस्ता घेतला, कारण आपलं कलम न्यूयॉर्कचे वकील डेव्हिड डडली फील्ड यांनी तयार केलेल्या नागरी संहितेच्या मसुद्यावर बेतलेलं होतं. खुद्द न्यूयॉर्कने तो मसुदा स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियाने स्वीकारला, तोही १८७२ सालीच.

फ्रँचायझीच्या संदर्भात सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या निकालाचा, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. १९९३ मध्ये पार्लेने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा हे आपले ब्रँड कोका-कोलाला विकले. अहमदाबाद आणि राजकोटला ही पेयं बाटल्यांत भरणाऱ्या गुजरात बॉटलिंग कंपनीने कोका-कोलाशी करार केला. करार चालू असेपर्यंत दुसऱ्या कोणाचीही पेयं बनवायची नाहीत, असं त्यात कलम होतं आणि करार संपवायचा तर वर्षभराची नोटीस द्यायची होती. मग या बॉटलिंग कंपनीचे शेअर पेप्सीच्या गोटात गेले. कंपनीने नोटीस दिली आणि नोटिशीची मुदत चालू असतानाच पेप्सीची पेयं भरण्याची मोकळीक तिला हवी होती. मुंबई उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. करार जिवंत असेपर्यंत फ्रँचायझी घेणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याचा माल विकू नये, ही अट व्यापाराला अडवणारी नसून त्या विशिष्ट व्यापाराला चालना देणारी आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

हा निकाल मला पूर्ण पटतो. ज्याचं नाव पाटीवर लावलं, ज्याच्या जाहिरातीवर गिऱ्हाईक आलं, त्याच्याच काउंटरवरून दुसऱ्याचा माल खपवणं ही फसवणूक आहे. मुदतीच्या आतली बंदी ही त्या नात्याची साधी गरज आहे. त्याच्या कितीतरी आधी, १९६७ मध्ये, कल्याणच्या सेंच्युरी कारखान्यातल्या शिफ्ट सुपरवायझरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ आखली होती. निरंजन शंकर गोलिकरी यांनी पाच वर्षांची नोकरी अर्धवट सोडली आणि ते कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात रुजू झाले. मुदतीच्या आत असं करता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं.

मात्र हेच निकाल कंपन्यांचे वकील मुदतीनंतरच्या बंदीसाठीही नोटिशीत टाकतात. मुदतीनंतर काय, हे वेगळ्या निकालांनी सांगितलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका जर्मन कंपनीच्या भारतीय प्रतिनिधी कंपनीबाबत सांगितलं की करार संपल्यानंतरची बंदी वाजवी असो वा नसो, ती रद्दबातल. आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहीर खानच्या बाजूने निकाल दिला. परसेप्ट डीमार्क या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार होता. मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आला तर तो आधी परसेप्टला दाखवायचा आणि त्यांनी तेवढेच पैसे देऊ केले तर त्यांच्याकडेच राहायचं, अशी अट होती. पूर्ण बंदीसुद्धा नव्हती, नुसता पहिला हक्क होता. न्यायालयाने तीही अट मुदतीनंतर चालणार नाही असं म्हटलं. श्रीरामपूरहून आलेल्या गोलंदाजाला जे संरक्षण मिळालं, ते श्रीरामपुरातल्या चहाच्या शाखा चालवणाऱ्यालाही त्याच कलमाखाली आहे.

मग घोडं अडतं कुठे? कलम न्यायालयात हरतं, पण ते न्यायालयापर्यंत जावं लागतच नाही. समजा, बार्शीत एका बाईंनी घराच्या तळमजल्यावर एका नामांकित साखळीची बालवाडी काढली. तीन लाख डिपॉझिट, फर्निचर आणि रंगकाम कंपनीच्या पसंतीचं पण खर्च बाईंचा, पुस्तकं-गणवेश कंपनीकडूनच घ्यायचे, फीवर रॉयल्टी. पाच वर्षं झाली. आता कंपनी नूतनीकरणासाठी नवी फी आणि वाढीव रॉयल्टी मागते. बाईंना वाटतं, आता आपल्याला काम जमतं, पालक ओळखतात, शिक्षिका आपल्या आहेत. स्वतःच्या नावाने चालवू. त्या तसं कळवतात. उत्तरात वकिलाची नोटीस येते : दोन वर्षं, पाच किलोमीटर, उल्लंघन केल्यास डिपॉझिट जप्त आणि वर दहा लाखांची भरपाई.

आता कायद्याने बघा. जे कलम निरर्थक आहे त्याचं उल्लंघन होऊच शकत नाही, मग डिपॉझिट जप्त करायला आधार नाही. पण डिपॉझिट कंपनीच्या खात्यात आहे. ते परत मिळवायला दावा बाईंना लावायचा आहे. करारात लवादाचं कलम आहे आणि लवादाची जागा कंपनीच्या मुख्यालयाचं शहर आहे, मुंबई किंवा गुरुग्राम. जुन्या नमुन्याच्या करारात तर लवाद कंपनीच नेमणार असंही छापलेलं असतं. असा एकतर्फी नेमणुकीचा हक्क २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नाकारला आहे, पण ते बार्शीतल्या बाईंना सांगणार कोण? शिवाय हमी म्हणून घेतलेले सह्या केलेले दोन चेक कंपनीकडे असतात. ते बँकेत भरले आणि वटले नाहीत की चेकविषयीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. चेक ज्याच्याकडे आहे त्याच्या बाजूने कायदा आधी गृहीत धरतो की कायदेशीर देणं होतं. निरर्थक कलमाखालचा दंड हे कायदेशीर देणं नाही, हे सिद्ध करण्याची पाळी चेक देणाऱ्यावर येते. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार पैसे घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालते. म्हणजे आरोपी म्हणून हजर राहायला जायचं ते पुन्हा कंपनीच्याच शहरात.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर कायदा बाईंच्या बाजूने आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर तो मिळवण्याचा खर्च बाईंच्या माथी आहे. तीन लाखांच्या डिपॉझिटसाठी हे कोणी करत नाही. बाई करतात ते एवढंच : नूतनीकरणाच्या कागदावर सही. वाढीव रॉयल्टीसकट.

या कलमाचं खरं काम इथे होतं आणि त्याची चर्चा जवळपास होत नाही. आपण समजतो की ही बंदी करार संपल्यानंतर लागू होण्यासाठी आहे. प्रत्यक्षात तिचा उपयोग करार संपण्याआधी, नूतनीकरणाच्या बैठकीत होतो. समोरच्याला दुसरा पर्याय आहे असं वाटलं तर तो घासाघीस करील. पर्याय नाही असं वाटलं तर सांगाल तो दर मान्य करील. रद्दबातल कलम छापायला एक रुपया खर्च नाही आणि त्याचा परतावा दर नूतनीकरणाला मिळतो. म्हणून ते छापलं जातं. कंपनीच्या वकिलाला कलम २७ माहीत नसतं म्हणून नाही.

कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि त्यात तथ्य आहे. आम्ही धंदा उभा करण्याची पद्धत शिकवली, पाककृती दिली, अभ्यासक्रम दिला, प्रशिक्षण दिलं. पाच वर्षांनी हा माणूस पाटी बदलून तेच करणार असेल तर आम्ही शिकवायचं कशाला? मला हे रास्त वाटतं, पण त्यावरचे उपाय कायद्यात वेगळे आहेत. नाव किंवा बोधचिन्ह वापरलं तर ट्रेडमार्क कायदा आहे. पुस्तकं आणि अभ्यासक्रम उचलला तर कॉपीराइट आहे. मसाल्याचं प्रमाण किंवा गिऱ्हाइकांची यादी फोडली तर गुप्ततेचं कलम आहे, आणि ते करार संपल्यानंतरही टिकतं. व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही ही कंपन्यांची तक्रार खरी आहे. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा सुचवला आहे. तो जरूर व्हावा. पण पहाटे पाचला दुकान उघडणं, पोऱ्यांना सांभाळणं, कोणत्या वेळी किती दूध लागेल याचा अंदाज असणं, रडणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात कसं रमवायचं हे कळणं, ही कोणाची गुपितं नाहीत. ती त्या माणसाची कमाई आहे. पुण्यात अमृततुल्यांची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली ती एकाच्या हाताखाली शिकून दुसऱ्याने आपलं दुकान टाकल्यामुळे. कोणी शिकला म्हणून त्याला चहा करायची बंदी घातली असती तर आज फ्रँचायझी द्यायला ब्रँडही उरले नसते.

नावलौकिकाचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा आहे. कलम २७ ला एकच अपवाद कलमातच दिलेला आहे : धंद्याचं गुडविल विकणाऱ्याला, ठरावीक हद्दीत, वाजवी मर्यादेत, तोच धंदा न करण्याची अट घालता येते. कारण उघड आहे. त्याला पैसे मिळालेले असतात, आणि शेजारीच पुन्हा दुकान टाकून तो विकलेली वस्तू परत घेऊ शकत नाही. आता फ्रँचायझीत बघा. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ४८ प्रमाणे परवाना घेऊन केलेला ब्रँडचा वापर हा मालकाचाच वापर समजला जातो. बार्शीत पाच वर्षं राबून त्या नावाला जी पत आली ती कंपनीच्या खात्यात जमा झाली. बाईंनी काही विकलं नाही, त्यांना काही मिळालं नाही, उलट दर वर्षी त्यांनीच पैसे भरले. पत तर गेलीच, वर हात-पायही बांधायचे? कंपनीला बार्शीत स्पर्धा नकोच असेल तर रस्ता मोकळा आहे. बाईंचा चालता धंदा योग्य किमतीला विकत घ्या आणि मग अपवादाखाली अट घाला.

काही जाणकार सुचवतात की कलम २७ जरा सैल करावं, वाजवी बंदी चालेल असं म्हणावं. विधी आयोगाने १९५८ मध्ये १३ व्या अहवालात हेच सुचवलं होतं. संसदेने ते केलं नाही. युरोपीय संघात करारानंतर एक वर्ष बंदी चालते, तीही फक्त त्याच जागेपुरती आणि गुप्त ज्ञान राखण्यासाठी अत्यावश्यक असेल तरच. ब्रिटनमध्ये २०२२ साली अपील न्यायालयाने गटारदुरुस्तीच्या एका साखळीची एक वर्षाची बंदी अवाजवी ठरवली, कारण फ्रँचायझी घेणारा नवखा होता आणि कराराच्या अटी बदलून घेण्याची त्याची ताकद नव्हती. निकाल चांगला आहे. पण वाजवी की अवाजवी हे तिथे अपिलापर्यंत जाऊन कळलं. आपल्याकडे तारखांची जी गत आहे, त्यात वाजवीपणाची कसोटी म्हणजे ज्याच्याकडे वकील जास्त त्याचा विजय. सरळ नकार देणारा आपला जुना नियम गरिबाला परवडणारा आहे, कारण त्यात पुरावा द्यावा लागत नाही. मलेशियाने तर १९९८ च्या फ्रँचायझी कायद्यात करारानंतर दोन वर्षांची बंदी कायद्यानेच सक्तीची केली आहे. भारतात फ्रँचायझीचा वेगळा कायदा आणायची चर्चा जेव्हा केव्हा होईल, तेव्हा हा नमुना कोणीतरी पुढे करील, याची मला खरी धास्ती आहे.

एक अडचण मात्र न्यायालयांनीच करून ठेवली आहे. १९८६ च्या ब्रोजोनाथ गांगुली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुबळ्यावर लादलेली अन्यायकारक कलमं रद्द करण्याचं मोठं तत्त्व मांडलं, पण दोन्ही पक्ष व्यापारी असतील आणि व्यवहार व्यापारी असेल तर ते कदाचित लागू होणार नाही, असंही म्हटलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्यायकारक करारांविरुद्ध दाद आहे, ती ग्राहकाला. फ्रँचायझी घेणारा कागदावर व्यापारी ठरतो, म्हणून दोन्ही दारं बंद. निवृत्तीचे पैसे घालून पहिल्यांदाच दुकान टाकणारा माणूस आणि शेकडो शाखांची कंपनी यांना एका मापाने मोजणं मला मान्य नाही.

मुदतीच्या आतल्या बंदीचं समर्थन मी वर केलं, पण तीही दुहेरी हवी. फ्रँचायझी घेणाऱ्याने पाच किलोमीटरमध्ये दुसरा धंदा करायचा नाही, आणि कंपनीने मात्र चौथ्या महिन्यात पुढच्या चौकात दुसरी शाखा द्यायची किंवा त्याच भागात ॲपवरून स्वतःच्या स्वयंपाकघरातून माल पोचवायचा, हे चालता कामा नये. आणि सही न केलेल्या बायको-भावावर बंदी लादणारे शब्द तर काढूनच टाकायला हवेत. भावाचा आधीपासून चालू असलेला डेअरीचा धंदा वहिनीच्या आइस्क्रीम शाखेमुळे अडचणीत यावा, याला काही अर्थ नाही.

करायचं काय, ते अवघड नाही. कॅलिफोर्नियाने आपल्यासारखंच १८७२ चं कलम बाळगून दीडशे वर्षं हाच अनुभव घेतला. तिथेही नोकरीच्या करारांत रद्दबातल बंदी सर्रास छापली जात होती. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी ती नोकरीच्या करारात घालणंच बेकायदा केलं, आणि ज्यांच्या करारात ती आधीच आहे अशा कर्मचाऱ्यांना १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत व्यक्तिशः पत्र पाठवून ‘हे कलम निरर्थक आहे’ असं कळवायची सक्ती मालकांवर केली. आपण हे फ्रँचायझीसाठी करावं. छापलं तर दंड, त्याच्या आधारावर नोटीस पाठवली तर डिपॉझिट व्याजासकट परत आणि समोरच्याचा वकिलाचा खर्च. हमीचे कोरे चेक घ्यायला मनाई. वाद झाला तर लवादाची जागा शाखा ज्या जिल्ह्यात आहे तिथलीच. आणि सहीच्या आधी सगळी माहिती हातात : अमेरिकेत फ्रँचायझी देणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि त्यात मुदतीत व मुदतीनंतर स्पर्धेवर काय बंधनं आहेत याची वेगळी नोंद असते. आपल्याकडे असं काहीच बंधनकारक नाही.

दिल्लीची वाट बघण्याचंही कारण नाही. करार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने महाराष्ट्राला स्वतःचा कायदा करता येतो. रेरा येण्याच्या अर्धशतक आधी, १९६३ मध्ये, याच राज्याने फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरांनी काय उघड करायचं आणि लेखी करार कसा करायचा हे मोफा कायद्याने ठरवून दिलं होतं. तेव्हाही छापील करार बिल्डरचा होता आणि सही करणाऱ्यापाशी आयुष्यभराची पुंजी होती. आज फ्रँचायझी घेणाऱ्यांची संघटना नाही, विधिमंडळात त्यांचा आवाज नाही, आणि ते गावोगाव एकेकटे विखुरलेले आहेत. त्यामुळे पहिलं पाऊल एखाद्या आमदाराने खासगी विधेयक मांडून टाकावं लागेल, आणि त्या विधेयकाचं पहिलं कलम मुदतीनंतरच्या बंदीबद्दल असावं.